आईचा हिरवा तुकडा

वेखंडाचा वास आला की मला थोरल्या चुलतीचे हात आठवतात आणि अजून राग येतो. निजामाचं राज्य होतं, आमी झरीला राहायचो. पणजीनं हातानं शिवलेली एक कुंची घरात होती. प्रत्येक लेकरू बारशाला तीच घालायचं, आणि पहिलं बाळंतपण झालं की सून तिला माहेरच्या खणाचा तुकडा जोडायची. माझ्या वेळी आईनं हिरवा तुकडा जोडला होता. चुलतीच्या नातवाच्या बारशाला घर बायकांनी भरलं होतं, पाळण्याखाली वेखंडाची धुरी होती, आणि चुलती सुईच्या टोकानं आईचे टाके उसवत बसली होती. "पोरगी जन्माला घातलेलीचा तुकडा माझ्या नातवाच्या डोक्यावर कशाला? ते बी रेल्वेतल्या खलाशाच्या घरचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. पाणी वाटणारी आई थांबली. शेवटचा टाका निघाला आणि कुंची टाळूवर दुभंगली. पणजीचं कापड कधीच विरलं होतं. आईच्या तुकड्यानंच ते धरून ठेवलं होतं. "बघायलीस काय? शिव की," चुलती म्हणाली. आईनं तुकडा उचलून कमरेला खोचला. "तुमीच शिवा, जाऊबाई. मला पोरीपुरतंच शिवायला येतं." लेकराचं नाव उघड्या डोक्यानं ठेवलं गेलं. परवा त्याच नातवाची सून माझ्याकडं आली, कुंची पुन्हा जोडायची म्हणून तुकडा मागत होती. पेटी उघडून मी तो तिला दाखवला, चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवली.