शेवटची ओळ घरी

अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या आम्हा मराठी आयांचं निम्मं आयुष्य पोरांच्या क्लासबाहेर थांबण्यात जातं. थांबलं की किस्से साठतात, आणि माझ्याकडचा सगळा साठा लास्लो सरांचा! मूळचे हंगेरीचे, एकेकाळी मोठमोठ्या हॉलमध्ये व्हायोलिन वाजवलेले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, बेसमेंटमध्ये आमच्या पोरांना शिकवतात.

*

सरांचा नियम एकच. कुठलाही पीस असो, शेवटची ओळ क्लासमध्ये वाजवायची नाही. "ती घरी. घरच्यांसमोर."

क्लासमधल्या एका मुलाचे बाबा, कुलकर्णी, वैतागले. "सर, मी कधी पूर्ण पीस ऐकलाच नाहीये!"

"मग घरी असत जा," सर म्हणाले.

कुलकर्णी कन्सल्टिंगवाले, आठवड्यातले चार दिवस विमानात.

*

एकदा मी ठेचा नेला. सरांनी चमचाभर तोंडात टाकला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मॉम, यू ब्रोक हिम!" माझी ईरा ओरडली.

सर डबा सोडेनात. "राहू दे. रडायला इतकं चांगलं निमित्त बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं."

*

शेवटी मी विचारलंच, त्या ओळीचं एवढं काय?

लहानपणी ते मागच्या खोलीत रियाज करायचे आणि शेवटची ओळ स्वयंपाकघरात, आईसमोर. ती ऐकल्याशिवाय आई ताट वाढायची नाही. देश सोडला त्या सकाळी गाडी चुकेल म्हणून ती ओळ राहिली. "आल्यावर वाजवतो, म्हणालो." परत जाणं झालं नाही, आणि आई गेली.

मला माझी नागपूरची आई आठवली आणि फार वाईट वाटलं. तेव्हापासून दर रविवारी ईरा आजीला व्हिडिओ कॉलवर शेवटची ओळ ऐकवते. आजी दर वेळी विचारते, "झालं? एवढंच?"

*

गेल्या उन्हाळ्यात ईराचा ऑर्केस्ट्रा हंगेरीला गेला. सरांना डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय. त्यांनी ईराच्या हातात आपल्या जुन्या घराचा पत्ता दिला आणि सोबत कागदावर उतरवलेली ती राहिलेली ओळ. "स्वयंपाकघरात वाजव. आधी विचार मात्र."

त्या दिवशी सर आणि मी बेसमेंटमध्ये बसलो होतो, स्टँडवर नोटेशनच्या जागी माझा फोन, त्यावर ईराचा व्हिडिओ कॉल. घरात आता दुसरीच बाई राहते. तिनं गॅस बारीक केला आणि ईराला आत घेतलं.

ईरानं वाजवलं. जेमतेम चार सूर. मग पलीकडे नुसता भांड्यांचा आवाज.

"सर? वॉज इट ओके?"

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"घाई केलीस," ते म्हणाले. "आता कुठलीही गाडी चुकत नाहीये. पुन्हा वाजव."