बागेसमोरच्या घरातलं पाणी

बागेपासून वीस पावलांवर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, नवं घर बांधलं. तीन मजले, विजेचे दिवे आणि स्वयंपाकघरात पितळी नळ. बालाजी घाटावरच्या भाड्याच्या खोल्या सोडताना ते भेटेल त्याला सांगत होते, काशीतल्या मराठी माणसानं आता उजेडात राहायला शिकावं. सोवळ्याच्या जाचाविरुद्ध ते पत्रकं लिहीत. त्यांची मुद्रितं मी तपासत असे आणि प्रत्येक ओळ खरी मानत असे.

पण त्या नळाचं पाणी स्वयंपाकाला चालत नव्हतं. नळाच्या आत चामड्याची चकती असते, म्हणून ते ओवळं. स्वयंपाक करायची माझी विधवा आत्या, अण्णांची थोरली बहीण. घाटावर असताना गंगा दाराशी होती. आता पाऊण मैल लांब गेली. आत्या अनवाणी, ओलेत्यानं, कमरेवर घागर घेऊन बागेच्या कडेनं यायची. माळी विचारायचा, "का बुआजी, नये मकान का नल सूख गया?"

"सूखे तेरा मुँह," आत्या म्हणायची.

ज्येष्ठात तिचा गुडघा सुजला. एका सकाळी ती जपाला बसली असताना मी नळावर घागर भरली आणि घाटावरचे गुरुजी देऊन गेले, असं तिला सांगितलं. जेवताना अण्णांनी दोनदा आमटी मागून घेतली. तेव्हा मी खरं सांगून टाकलं.

अण्णा उठले. त्याच नळावर त्यांनी हात धुतला.

"हे तुम्हीच लिहिलंय, अण्णा."

"लिहिणं वेगळं. तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय." मग आत्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, पुन्हा करावं लागेल."

त्या वाक्याचा संताप अजून उतरलेला नाही. माझ्या शहाणपणाचाही नाही, कारण ती दुसरी खेप मीच तिच्यावर लादली होती. आत्यानं सगळा स्वयंपाक गाईला घातला, घागर राखेनं घासली, पुन्हा अंघोळ केली आणि भर उन्हात निघाली. मी मागे धावलो.

"आत्या, घागर मला दे."

"लांब हो. शिवलास तर आणखी एक अंघोळ. भाषण द्यायचंय तर त्याला दे, मला पाणी आणायचंय."

दोन हात अंतर ठेवून मी घाटापर्यंत गेलो. परतताना बागेच्या फाटकाशी तिचा पाय लटपटला. रस्त्यावर घागर टेकवली तर पाणी बाटणार होतं, आणि धरायला माझे हात चालत नव्हते.