सीटमागचा चुना

मी अमेरिकेत कॅरी गावी मुलाकडे गेले होते, तेव्हा त्याच्या शेजाऱ्याने अंगणात जुनी डबल डेकर आणून उभी केली होती. बस लंडनची आहे, असं तो सगळ्यांना सांगे. माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर गंज खरवडायचा आणि आता बसमध्ये अर्धी भागीदारी घेणार होता. मला त्या माणसाचा भरवसा वाटत नव्हता. बस कोणाकडून घेतली असं मुलाने विचारलं, की तो नुसता हसायचा.

कागदावर सही करायची होती त्या दिवशी मी चहा घेऊन बसमध्ये गेले. जिन्याजवळची सीट त्यांनी नुकतीच काढली होती. मागच्या पत्र्यावर बोट पुसल्यासारखे पांढरे, वाळलेले फराटे होते, एकावर एक. आमचे हे कंडक्टर होते. तंबाखू मळून झाली की चुन्याचं बोट ते असंच सीटमागे पुसायचे.

परक्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी मुलाची बाही ओढली.

"ही लंडनची नाही रे. आपल्याकडची आहे."

"काहीतरीच काय, आई! कशावरून?"

"हा चुना बघ. लंडनचा कंडक्टर तंबाखू मळतो होय?"

त्याने नखाने खरवडून पाहिलं. "अगदी बाबांसारखं की गं!" म्हणाला आणि शेजाऱ्याला इंग्रजीत सगळं सांगितलं.

विकणाऱ्याने आपल्याला लंडनच सांगितलं होतं, असं शेजारी म्हणाला. पण त्याने पत्र्याकडे एकदाही पाहिलं नाही, तो माझ्याकडेच बघत होता.

मुलाने सही केली नाही. शेजाऱ्याला खरंच ठाऊक नव्हतं का, ते मला अजून कळलेलं नाही.