आतलं पुसू नका

निवृत्त झालेल्या माणसानं स्वतःहून काही उद्योग शोधला नाही तर घरचे शोधून देतात, आणि तो बहुतेक भाजी निवडण्याचा असतो. त्या धास्तीनं मी बायकांच्या जुन्या चामडी पर्सा स्वच्छ करायला घेतल्या. कुंभकोणमच्या एका शाळेत मी चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. त्यामुळे कुठल्या डागावर काय घालावं हे आपल्याला उपजतच कळतं, असा माझा समज होता. माझ्या हाती लागलेल्या पहिल्या दोन पर्सांचं मत वेगळं पडेल.

पहिली पर्स थोरल्या बहिणीची, तिच्या कॉलेजातली. चामडं कोरडं पडून तडकलं होतं. कोरड्या कातडीला तेल हवं, एवढं तर्कशास्त्र माझ्यापाशी होतं, म्हणून मी तिला तिळाच्या तेलानं न्हाऊ घातलं. आमच्या गावात अजून पुष्कळ घरी आठवड्यातून एकदा अंगाला तेल चोळून न्हायची चाल आहे. दोन दिवसांत पर्स काळी पडली, चौथ्या दिवशी तिला मुंग्या लागल्या. बायकोनं कारण लगेच शोधून काढलं. "बायकांचें तेल शुक्रवारीं असतें," ती म्हणाली. "तुम्ही शनिवारीं लाविलें, मग काय होईल?" माझ्या रसायनशास्त्रापेक्षा तिचं स्पष्टीकरण बहिणीला जास्त पटलं. बहीण अजून माझ्या हाती छत्रीसुद्धा देत नाही.

दुसरी पर्स मामींची. तिचं पितळी बक्कल मी चिंचेनं घासलं, कारण घरातली समई आणि तांबे चिंचेनंच लख्ख होतात. बक्कल लख्ख झालं. त्याच्याभोवती चामड्यावर जो हिरवट गोल उमटला तो अजून आहे. मामी मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, नक्षी बरी दिसते.

त्यानंतर मी ताळ्यावर आलो. फोनवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले, आणि पाणी, तेल, ऊन या तिन्ही गोष्टी चामड्यापासून दूर ठेवायच्या असतात हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. मऊ ब्रश, जवळजवळ कोरडा साबणाचा फेस, बोटाच्या टोकावर मावेल एवढं मलम आणि सावलीत चार दिवस, बस्स. हळूहळू जमायला लागलं. शाळेतल्या जुन्या सहकारी शिक्षिका आपल्या पर्सा आणून द्यायला लागल्या, आणि मी त्यांच्यासमोर "हे वासराचं आहे, हे बकऱ्याचं" असं काहीबाही बोलायला लागलो. त्यातलं निम्मं खरं असायचं.

घरी मात्र माझी पत फारशी वाढली नाही. आमच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्यांचा विठोबा आहे आणि चामडं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. बायकोनं मला मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी, पत्र्याच्या आडोशाला जागा दिली. माझा तांब्या वेगळा, माझा पाट वेगळा. काम संपलं की दुसरी आंघोळ, आणि मगच कॉफी. एकादशीला पर्सेला हातसुद्धा लावायचा नाही. या उद्योगानं पर्सा किती स्वच्छ झाल्या ते माहीत नाही, पण मी आयुष्यात इतका स्वच्छ कधीच नव्हतो.

या आंघोळीवरून आमची रोज अंगणात बाचाबाची व्हायची, आणि तीच ऐकून ती मुलगी आमच्याकडे आली. तिसऱ्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून नाशिकहून दोन वर्षांपूर्वी इथं आलेली, तमिळ जेमतेम भाजीपुरतं येणारी. मागच्या गल्लीतून जाताना ती भिंतीशी थबकली आणि म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी आहात?"

"होय," मी म्हणालो. "तीनशें वर्षें झालीं." आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे आले, ते इथलेच झाले.

मग ती रोज यायला लागली. दगडाशेजारी बसून माझं काम बघायची आणि आमचं बोलणं ऐकून हसायची. आम्ही "कोठें" म्हणतो, "बैस" म्हणतो, मध्येच "बरं" म्हणायच्या जागी तमिळ "सरि" म्हणतो. "काका, तुमचं ऐकलं की पणजोबांच्या पोथीतून कुणीतरी बोलतंय असं वाटतं," असं ती एकदा म्हणाली. मी फुगलो. खरी मराठी आमच्याकडे आहे, तुम्ही लोकांनी ती तिकडे बिघडवून टाकलीत, असं मी तिला निदान दहादा ऐकवलं असेल. हे जे मी लिहितो आहे ते मागवलेली पुस्तकं वाचून शिकलेलं मराठी आहे, तोंडात माझ्या ते कधी बसलं नाही. पण तिच्यासमोर ही गोष्ट मी शिताफीनं टाळायचो.

पोंगल झाल्यावर एका सकाळी ती जुन्या टॉवेलात गुंडाळून एक पर्स घेऊन आली. तिच्या आईची. आई आदल्या उन्हाळ्यात गेली होती, आणि ही इथून निघून पोचेपर्यंत एक दिवस उशीर झाला होता. त्या घरातून तिनं एवढी एकच वस्तू आणली होती. तपकिरी, चौकोनी, हातात धरायच्या आखूड दांड्याची पर्स. पण आमच्याकडचा ऐप्पसी महिन्यातला, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस तिला सोसला नव्हता. पांढरी-हिरवी बुरशी आतबाहेर चढली होती आणि दांड्याची एक कडी तुटली होती.

"काका, वरून जमेल तेवढं करा," ती म्हणाली. "घाई नाही. आतलं मात्र पुसू नका." तिचा आवाज भरून आला, आणि ती पुढं काही न बोलता निघून गेली.

आता इथं सांगायला हवं की आमच्या घरात पुसणे म्हणजे विचारणे. दुसरं काही नाही. वाट पुसायची, भाव पुसायचा, खुशाली पुसायची. फडक्यानं करायच्या कामाला आमचा शब्द निराळा आहे, तो तमिळमधून घेतलेला. तिकडच्या मराठीत पुसणं म्हणजे काय हे मी पुस्तकांत वाचलं नव्हतं असं नाही. पण माणूस ऐकतो तो घरच्याच कानांनी. मला ऐकू आलं ते हे, की बिचारीच्या मनात आईविषयी काही सलतं आहे, आणि त्याबद्दल आम्ही विचारू नये.

मी आत जाऊन बायकोला बजावलं, "तिला कांहीं पुसूं नको हां. आंतलें दुःख दिसतें."

"मी कशाला पुसूं? पुसायची खोड तुम्हांला," ती म्हणाली, आणि हे खरं होतं.

पुढचा आठवडाभर आम्ही दोघं इतकं जपून वागलो की काही विचारू नका. ती भिंतीशी यायची, आम्ही हवेबद्दल बोलायचो, केळफुलाबद्दल बोलायचो. बायकोनं तर "जेवलीस का?" हेसुद्धा सोडून दिलं. माझ्या समजूतदारपणाचं मला मनातून फार कौतुक वाटत होतं.

तुटलेली कडी घेऊन मी बसनं स्वामीमलैला गेलो. तिथं मूर्ती ओतणारे एक ओळखीचे कारागीर आहेत. त्यांनी कडी हातात फिरवून अत्यंत आदरानं तमिळमध्ये विचारलं, "हें कोणत्या अम्मनचें, सार?" अम्मन म्हणजे देवी. मी नाशिकच्या एका अम्मांचं म्हणून सांगितलं. त्यांनी तशीच्या तशी दुसरी ओतून दिली, आणि उगाच त्यावर एक बारीक कमळही कोरलं. ते मला घासून काढावं लागलं.

बाहेरची बुरशी निघाली, तडे बुजले, चामड्याला पुन्हा रंग चढला. मग मी पर्स उघडली. झाकणाची आतली बाजू फिकट चामड्याची होती आणि तिच्यावर बॉलपेननं, निळ्या शाईत, तीन ओळी लिहिलेल्या होत्या. वरच्या दोन वाचता येत होत्या. तिसरी बुरशीखाली होती. मला सवय छापील मराठीची, हातचं अक्षर वाचायची नाही, म्हणून अक्षर अक्षर लावत गेलो. पहिली ओळ: किल्ली गळ्यात आहे. दुसरी: गॅस बंद करायचा. मी पाण्यात थोडा व्हिनेगर घालून, कापसानं हलकेच बुरशी काढली, तशी तिसरी ओळ वर आली: तिचा फोन आला की बरी आहे म्हणायचं.

मी ती दोनदा वाचली. हे त्या बाईंनी स्वतःसाठीच लिहून ठेवलेलं होतं हे कळायला मला जरा वेळ लागला. हे ठेवायचं की काढायचं, असं विचारावं म्हणून मी फोन उचलला. तिचा नंबर लावणार, तेवढ्यात आठवलं. आतलं पुसू नका, असं तिनं सांगितलं होतं. मी फोन खाली ठेवला.

त्यानंतर मी जो विचार केला तो मला अजून तोंडपाठ आहे, कारण मी त्यावर फार खूश होतो. तिला हे बघवत नाही. म्हणूनच पर्स माझ्याकडे दिली. हे जावं, पण त्यावर एक शब्दही निघू नये, असं तिचं म्हणणं आहे. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि तिन्ही ओळी काढून टाकल्या. चामड्यावरची शाई सहसा पसरते, चामड्याचा रंगही सोबत घेऊन जाते. ही मात्र जराही डाग न ठेवता गेली. खरं सांगायचं तर डोळे ओले असतानाही मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी बायकोनं तिला बोलावून आणलं. पर्स बघून तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. दांडा धरून पाहिला, कडी पाहिली, वास घेतला. मग तिनं पर्स उघडली आणि तशीच उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "आतलं पुसू नका म्हणाले होते ना मी."

"पुसलें नाहीं ग," मी म्हणालो. "एक शब्द पुसला नाहीं. हिनेंही पुसला नाहीं. आठ दिवस तोंड धरून बसलों."

ती झाकणाच्या आतून बोट फिरवत म्हणाली, "पुसलंय की हे. सगळं पुसलंय."

माझ्याआधी बायकोला समजलं. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "त्यांच्याकडे पुसणें म्हणजे फडक्यानें."

मी पाटावर बसलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तीनशे वर्षं आम्ही एक शब्द जसाच्या तसा जपून ठेवला, त्याची मी या पोरीसमोर इतकी मिजास केली, आणि त्याच शब्दानं तिच्या आईचं अक्षर घालवलं. तोंडानं मी फक्त "चुकलों, अम्मा" एवढंच म्हणत होतो, ते किती वेळा म्हणालो ठाऊक नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती धुण्याच्या दगडावर बसली आणि पर्स मांडीवर घेतली. शेवटचं वर्षभर आईला विसर पडायला लागला होता, तिनं सांगितलं. एकटीच राहायची. सांभाळून घ्यायची, कुणाला कळू द्यायची नाही. हिला तरी ते सगळं आई गेल्यावर ही पर्स उघडली तेव्हाच कळलं.

"किल्ली आणि गॅस, त्या दोन ओळी मला पाठ आहेत," ती म्हणाली. "तिसरी तेव्हाही नीट लागत नव्हती. घामाचा मळ बसून झाकोळली होती. मग इथं बुरशी आली. भिंग घेऊन बघायचे. साफ करायला जावं तर अक्षरच जाईल, म्हणून हात लावला नाही." मग तिनं विचारलं, "तुम्हाला दिसली का ती?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. दिसली नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पालकांशी तोंडावर गोड बोलण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण ती ओळ आता जगात माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हती, आणि ती माझी नव्हती.

"दिसली," मी म्हणालो. आणि मग तिच्या मराठीत, जसं लिहिलं होतं तसंच, एकही अक्षर आमच्या वळणावर न जाऊ देता सांगितलं. "तिचा फोन आला की बरी आहे म्हणायचं."

बायको उठली, आणि पर्स मुलीच्या मांडीवर असताना, स्वतः न्हालेली असताना, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"दर रविवारी करायचे मी फोन," ती म्हणाली. "कशी आहेस विचारलं की आधी टक् असा आवाज यायचा, पर्स उघडल्याचा. मला वाटायचं, चष्मा काढतेय. मग म्हणायची, बरी आहे."