उशीवरून दिसणारा टीव्ही

“भाऊ, टीव्हीच खराब हाय ना? तेवढं सांगा की.”

भिकामामांचा हा तिसरा फोन. शिरूरच्या दुकानात मी काउंटरला होतो. टीव्ही विकणं हे माझं काम, त्यामुळे तक्रारी रोजच्याच. पण आपला नवाकोरा टीव्ही खराब निघावा म्हणून अजिजी करणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं.

“राहू गावचेच ना ते?” शेठ गल्ल्यावरून म्हणाले. “आपला मेकॅनिक जाऊन आला की. पीस ओके आहे. परत करायचा विचार दिसतोय.”

“परत करायचं काही बोलत नाहीत ते.”

“मग तू जाऊन बघ. तूच विकलायस.”

विकला मीच होता. एलसीडी टीव्ही तालुक्याच्या दुकानांत नुकते दिसायला लागले होते. प्रत्येकावर ‘एचडी रेडी’चं स्टिकर. म्हणजे चित्र एकदम बारकाईनं दाखवायची टीव्हीची तयारी आहे, पण तसं चित्र अजून केबलवाल्याकडून येत नाही. नवरदेव बाशिंग बांधून बसलाय, मुलीकडच्यांचा पत्ता नाही, असा प्रकार. हे मी गिऱ्हाइकांना सांगायचो आणि शेठ माझ्याकडे डोळे वटारायचे.

टीव्ही घ्यायला आले तेव्हा मामांबरोबर रांजणगावच्या कंपनीतली दोन पोरं होती, फर्स्ट शिफ्ट सुटून युनिफॉर्मवरच आलेली. पैसे मित्रांनी वर्गणी काढून जमवलेले, त्यामुळे बजेट वर सरकणार नव्हतं. त्यात दोन टीव्ही बसत होते. एक सव्वीस इंची, पॅनल चांगलं. दुसरा नव्या कंपनीचा बत्तीस इंची, पॅनल हलकं. पॅनल म्हणजे पुढचा पडदा, जिथं चित्र उमटतं तो. चांगल्या पॅनलवर कुठूनही बघा, चित्र तेच. हलक्या पॅनलवर समोरून झकास, पण खालून बघितलं तर काळपट. मी हे सगळं सांगितलं. मामांनी मान डोलावली.

“मोठाच घ्या, मामा,” एक पोरगा म्हणाला. “मिल्याला मोठ्ठं दिसलं पायजे.”

मिल्या म्हणजे मामांचा मुलगा मिलिंद, एवढं कळलं. खोली किती फुटांची, ते मी विचारलं. दुकानात आम्ही फूट विचारतो, इंच विचारतो, हप्ते विचारतो. मिल्या स्वतः का आला नाही, हे विचारायची पद्धत नाही. मामांनीही सांगितलं नाही. सांगून सांगून ते थकले असावेत.

त्या तिसऱ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी गाडी काढून राहूला गेलो. गुऱ्हाळं चालू होती, रस्ताभर पाकाचा वास. घर सापडलं, पण लाइट नव्हती. लोडशेडिंग.

मोठी एकच खोली. समोरच्या भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या शेजारी तेवढ्याच उंचीवर आमचा बत्तीस इंची. भिंतीच्या कडेनं लोखंडी कॉट. कॉटवर पंचविशीतला पोरगा उताणा पडलेला, कमरेपासून खाली पांघरूण. कोपऱ्यात औषधाचा वास, बादली, कापसाचे बोळे. मला तिथून तसंच परत फिरावंसं वाटलं.

“शिफ्टवरनं येताना गाडी घसरली,” मामा म्हणाले. “मणका गेला. सरळ झोपवून ठेवा म्हणलेत. उशी बी पातळ.”

मिलिंद माझ्याकडे बघून हसला. “साहेब, लाइट येईस्तोवर चहा घ्या.”

मामांनी मला अंगणात नेलं आणि आवाज खाली आणला. “तो म्हंतोय, समदी माणसं काळी दिसत्यात. आमाला तर झ्याक दिसतंय. तुमचा मेकॅनिक हितं उभा ऱ्हायला आन् त्याच्यादेखत बोलला, टीव्हीला काय बी झालं न्हाई, पेशंटचं डोळं तपासा. तवापासनं पोरगं जेवंना. म्हंतंय, आधी पाय गेलं, आता डोळं चाललं.” त्यांनी माझा दंड धरला. “टीव्हीच खराब हाय म्हणा, भाऊ. मी पैसं मागायचो न्हाई.”

मेकॅनिकचा मला असा राग आला की तो समोर असता तर थोबाडीत दिली असती.

लाइट आली. मी उभा राहून रिमोट दाबला. क्रिकेट लागलं. हिरवंगार मैदान, पांढरेशुभ्र कपडे. चित्रात काडीचा दोष नव्हता. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते, मिलिंदची आई चुलीपासून उठून आली होती. मी रिमोट खाली ठेवला आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. माउलीनं पदर तोंडाला लावला.

“बघा,” मिलिंद म्हणाला, “तुमालाबी चांगलंच दिसतंय.”

“जरा सरक,” मी म्हणालो. मग लक्षात आलं, त्याला सरकता येत नाही. मी कॉटशेजारी गुडघ्यावर बसलो आणि वाकून त्याच्या उशीला डोकं टेकवलं.

मैदान काळं होतं. खेळाडूंचे चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे झाले होते, दातसुद्धा काळे.

“मामा, हितं डोकं ठेवा.” माझ्या तोंडूनही त्यांचीच बोली आली.

मामांनी पोराच्या गालाला गाल लावला आणि वर बघितलं. बराच वेळ ते उठलेच नाहीत.

“आरं, काळंच हाय की,” ते म्हणाले. “काळंच हाय. ये, तू बी बघ,” त्यांनी बायकोला हाक मारली. तीही वाकली. मिलिंद छताकडे बघत होता आणि पाणी त्याच्या कानात ओघळत होतं.

झालं होतं ते एवढंच. आधी तिथं फळीवर जुना डबा टीव्ही होता. डबा कुठूनही सारखाच दिसतो. नवा आला तो घरच्यांनी मानाच्या जागी, सवयीनं तिथंच टांगला. बसवायला आलेल्यानं भिंतीचं माप घेतलं, कॉटचं घेतलं नाही.

टीव्हीचा स्टँड खोक्यात तसाच पडलेला होता. तो जोडला, कॉटच्या पायथ्याशी ट्रंक ठेवली आणि टीव्ही तिच्यावर बसवला.

“हां,” मिलिंद म्हणाला. “हिरवं हाय.”

मी सांगितलं, शेठशी बोलून सव्वीस इंची बदलून देतो, तो वर लावला तरी चालेल. मामांचं मन तिकडे ओढलं. पाव्हणेरावळे, दारातून बघणारे शेजारी, सगळ्यांना वरचा दिसत होता.

“हाच ऱ्हाऊ द्या, खालीच,” मिलिंद म्हणाला. “वर हुता तवा समदी उभ्यानं बघायची. आता बघायचं तर माझ्यापाशी बसावं लागंल.”

दुकानात शेठनी विचारलं, काय निघालं. मी म्हणालो, टीव्ही ओके. ते खूश झाले.

पुढच्या पावसाळ्यात त्या दोन पोरांपैकी एक चार्जर घ्यायला आला, तेव्हा कळलं. पाठीच्या जखमा चिघळल्या, ताप चढला, मिलिंद गेला.

नंतर राहूला फ्रिज पोचवायचा होता, तेव्हा घरी डोकावलो. कॉट नव्हती. टीव्ही त्याच ट्रंकेवर, जमिनीपासून हातभर. मामा, मामी आणि शेजारच्या बायका भुईवर बसून, माना खाली घालून बातम्या बघत होत्या.

“मामा, ब्रॅकेट भिंतीला आहेच,” मी म्हणालो. “वर लावून देऊ का?”

“नगं,” मामा म्हणाले. “वर लावला तर त्याला दिसायचा न्हाई.”

मी चहा घेतला आणि निघालो.

आता काउंटरवर इंच आणि बजेट विचारायच्या आधी मी विचारतो, बघणारं माणूस बसून बघणार की झोपून? बहुतेक गिऱ्हाइकं हसतात. जे हसत नाहीत, त्यांना मी लहान, पण चांगल्या पॅनलचा टीव्ही दाखवतो.