दिली ना तुला

ताईला जाऊन आता दोन महिने होतील. ती असताना हे तिला सांगता आलं नाही, मुलीपाशीही कधी बोलले नाही. आता तुमच्यासमोर लिहायला बसले आहे, तर हात पुन्हा पुन्हा थांबतो.

सुरुवात कुठून करू? सुईपासून करायला हवी. पण आधी ताई.

ताई माझी थोरली बहीण. विक्रोळीच्या चाळीत घरीच बायकांचे कपडे शिवायची. तिचा एक नियम होता — सुई कधी कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. द्यायचीच तर जवळच्या कापडाला टोचून ठेवायची. दुसरीने ती तिथून उचलायची. मी शिकले, सगळी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत केली, असल्या गोष्टींना हसले — पण सुई मात्र तिच्याच पद्धतीने देत राहिले. हात ऐकत नाहीत ना.

माझी नात इरा तेव्हा सहा वर्षांची होती, मुलुंडला बॅलेच्या क्लासला जायची. कार्यक्रमासाठी सगळ्या मुलींचे फ्रॉक शिवायचं ताईने मान्य केलं. जाळीचे ढीग बघून म्हणाली, "अगं, फ्रॉक शिवायचेत की मच्छरदाण्या?" पण शिवले मात्र झकास. हौसेने, मोतीबिंदू वाढत असताना.

नाचताना चेन सरकते, म्हणून स्टेजवर जायच्या आधी प्रत्येकीच्या पाठीवर टाके घालून तिला फ्रॉकमध्ये शिवूनच टाकायचं असतं. विंगेमागे ते काम आमच्या दोघींकडे होतं. अंधुक उजेड, पावडरचा वास, कुणाला शू लागलेली, कुणाचा अंबाडा सुटलेला. इराच्या कमरेवरचं फूल लोंबताना दिसलं. ताईकडची ओवलेली सुई घेऊन मी घाईघाईने टाके घातले. तेवढ्यात कुणीतरी पिना मागितल्या, मी वळले.

"सुई कुठे गं?" ताईने विचारलं.

"दिली ना तुला."

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं. ताईने पदर झटकला, मांडी चाचपली, जमिनीवर हात फिरवला. "खरंच की. कुठे ठेवली मग मी? डोकंच ठिकाणावर नाही माझं."

आणि मग मला आठवलं. मी ती इराच्या फ्रॉकला, कमरेपाशी टोचली होती — ताईने उचलावी म्हणून.

इरा विंगेच्या तोंडाशी उभी होती. माझ्यापासून हातभर अंतरावर. संगीत सुरू झालं होतं, पण अजून तिची पाळी यायची होती. तिला मागे ओढता आलं असतं, नाही का? पण मग टीचर ओरडल्या असत्या. आत्ताच दिली म्हणाले आणि आता नाही म्हणायचं — सगळ्या आयांसमोर? काय वाटलं मला नक्की? लाज? इतकी, की सहा वर्षांच्या पोरीपेक्षा मोठी?

इरा गेली. पूर्ण नाच तिने हसत केला. मी विंगेतून बघत होते. हाताने पडदा घट्ट धरला होता.

नंतर फ्रॉक उसवला तेव्हा कमरेवर लांब लाल ओरखडा होता, अस्तराला रक्ताचे ठिपके. सुई घडीत आडवी अडकलेली. मीनल, माझी मुलगी, पांढरीफटक पडली. "सांगितलं का नाहीस गं?" तर इरा म्हणाली, "टीचर बोलल्या होत्या ना, जाळी टोचणारच. टोचलं तरी स्माईल करायचं."

मग मीनल ताईकडे वळली. "मावशी, दिसत नाही तर सुई हातात घेतेस कशाला?"

ताई म्हणाली, "चुकलं गं माझं. ही म्हणाली होती मला, सुई दिली म्हणून. मीच कुठेतरी खोचली असणार."

मी तिथेच उभी होते. फ्रॉकची घडी घालत होते.

त्यानंतर ताईने दुसऱ्यांचं शिवणं सोडलं. पण एवढ्यावर थांबलं असतं तर — नाही, तेही लिहायलाच हवं. तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत वर जायची. कुलूप लावून ओढून बघायची, पुन्हा ओढायची. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडेच होती. दिवसातून कितीदा तरी विचारायची, "मी गोळी घेतली ना गं?"

"घेतलीस," मी म्हणायचे.

"तू सांगितलंस म्हणजे झालं," म्हणायची आणि निवांत डोळे मिटायची.

सुई मी तिला दिली नव्हती.