चादरीचं दुसरं टोक

माझी बायको मंगल गेली तेव्हा मी अंगणात चादरी वाळत घालत होतो. रविवार होता. थोड्या वेळापूर्वीच आम्ही दोघांनी त्या पिळल्या होत्या... म्हणजे पिळल्या मी, तिनं नुसतं दुसरं टोक धरलं होतं. "बास, आता फाटंल," असं म्हणाली, टोक माझ्या हातात दिलं, रॅकेटची पिशवी खांद्याला लावली आणि खेळायला गेली. आमच्या देवळाली प्रवरात शाळेमागं पत्र्याचा एक हॉल आहे, तिथं बायका सकाळी बॅडमिंटन खेळतात, शटलला सगळ्या फूल म्हणतात. एक डाव खेळून झाल्यावर बूट सोडायला बाकावर बसली, ती बसल्या जागीच कलंडली. फोन केला तो शैलानं, आमची शेजारीण आणि मंगलची खेळातली जोडीदार. "भाऊजी, तुमी या... लगेच या," एवढंच म्हणत राहिली. मी आधी हातातली चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि मग निघालो. असं का केलं ते मलाही सांगता येणार नाही. ओली चादर बादलीत तशीच टाकून जाणं बरोबर वाटलं नाही, इतकंच.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, भाऊ, रडून मोकळे व्हा. मी मान हलवतो, चहा विचारतो. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, तसं आहे सगळं. जिभेनं चाचपलं तर दाढ जागेवर आहे, पण ती आपली वाटत नाही. तिच्याबद्दल चार ओळी लिहा असं वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम बघणाऱ्या एका मित्रानं सांगितलं, तेव्हा कागद पुढं घेऊन बसलो आणि आठवलं काय, तर तिचं कोपर. बायकोचे डोळे, आवाज असं काहीतरी आठवावं माणसाला. मला उजवं कोपर आठवलं.

मंगल अंगणवाडीत सेविका होती. मुलगी लग्न होऊन गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा शैलाच्या नादानं ती हॉलवर जाऊ लागली. चाळिशी केव्हाच ओलांडलेली, पण लागलं बाईला वेड. आणि मग वर्षाच्या आतच कोपर धरलं. बाहेरच्या बाजूचं ते टोकदार हाड, तिथं कळ यायची. चहाचं पातेलं उचलवेना, कुलपात किल्ली फिरवता येईना. माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा राहायला आलेली. ती म्हणाली, "या वयात पोरीबाळींवानी फूल मारायचं काय काम हाय? घरात बसावं गप." राहुरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तेच सांगितलं, जरा बऱ्या भाषेत. मंगलनं रॅकेट खिळ्याला अडकवली. पुढचे काही महिने ती बाजारात जातानासुद्धा हॉलचा रस्ता टाळून जायची. घर, अंगणवाडी, पैपाहुणे हे सगळं दुसऱ्यांचं होतं, सकाळचा तो एवढासा वेळ तिचा स्वतःचा होता आणि तो गेला होता.  भाकरी थापताना तिचे ओठ आवळलेले असायचे.

पण बाई हुशार. एक दिवस परातीतून हात काढून म्हणाली, "अहो, खेळ बंद हाय ना? मग आजून दुखतंय कशानं?"

मग आम्ही नगरला गेलो (नवं नाव अजून तोंडात बसत नाही). तिथं फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी तिला रॅकेट धरायला लावली. रॅकेटची मूठ बारीक, म्हणून मंगल ती जीव खाऊन आवळते. जाळीचं गटिंग फार ताणलेलं, त्याचा हिसका थेट कोपरात जातो. मारते तेही खांद्यातून नाही, नुसत्या मनगटानं आणि कोपरानं. हे सगळं समजावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि बाकी दिवसभर हा हात काय करतो?" मंगलनं दोन्ही हातांनी हवेतच काहीतरी पिळून दाखवलं. चादरी, सतरंज्या, अंगणवाडीतली बस्करं. घरी मशीन होतं, पण चादरी मशीनला द्यायच्या नाहीत हा तिचा हट्ट, आणि त्यापुढं माझं कधी चाललं नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. राहुरी यायच्या सुमाराला म्हणाली, "खेळ न्हाई सोडणार मी. पिळणं सोडते."

"मग पिळणार कोण?" मी विचारलं.

ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. माझा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात गेलेला, बादलीशी माझी ओळख आंघोळीपुरती. पण त्या बघण्याला नाही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी अंगणात आमचा हा उद्योग सुरू झाला. ती टोकाचा वेढा मनगटांना घ्यायची, कोपरं पोटाशी आणि अंगाचा भार मागं टाकून उभी. पीळ मी घालायचा. पाणी माझ्याच पायावर. कधी थांबायचं ते ती सांगायची, "बास." लेकीचं बाळंतपण, आक्काचं रुसणं, माझी निवृत्ती, सगळं आम्ही त्या चादरीच्या दोन टोकांना उभं राहून बोललो. समोरासमोर इतका वेळ आम्ही आधी कधी उभेच नव्हतो.

तिचा हात सावकाश बरा झाला आणि ती पुन्हा हॉलवर गेली. मग मात्र तिथं हिचंच राज्य. अंग तापेपर्यंत हात फिरवल्याशिवाय फुलाला शिवायचं नाही. मग कोपराचा व्यायाम, बाकाच्या कडेवर हात टेकून पाण्याची भरलेली बाटली नुसत्या मनगटानं हळूहळू खाली सोडायची, घाई केली की ही ओरडणार. मूठ जाड व्हावी म्हणून माझ्या जुन्या सुती शर्टांच्या पट्ट्या रॅकेटच्या मुठींना गुंडाळल्या गेल्या. आणि नवी बाई आली की पहिला प्रश्न, "घरी पिळतं कोण?" मीच, असं उत्तर आलं की म्हणायची, "मग आधी ते मिटव. फूल कुठं पळून जात न्हाई." गावात चहाच्या टपरीवर मला ऐकवायचे, "काय भाऊ, तुमच्या मंडळींमुळं आमच्या हातात बादली आली!" मला आतून बरं वाटायचं. तिच्याजवळ हे कधी बोललो नाही.

परवा शैला आली होती. हॉल सुरू आहे म्हणाली. नवीन एक सून येते, तिला मंगलचा तो पिळण्याचा प्रश्न विचारला आणि मग सगळ्याच त्या बाकाकडं बघायला लागल्या. जाताना खिळ्यावरच्या रॅकेटकडं तिनं बघितलं. निळ्या चौकडीच्या शर्टाची पट्टी आहे मुठीला, अंगठ्यापाशी काळपट झालेली. मी म्हणालो, राहू दे.

गेल्या रविवारी मी चादरी धुतल्या. इतके दिवस मशीनला दिल्या होत्या, त्या दिवशी का कोण जाणे, बादली घेतली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. गज छान धरतो, हलत नाही, कुरकुरत नाही. मी पीळ घालत गेलो. पाणी गळायचं थांबलं तरी घालतच होतो. चादर दोरखंडासारखी झाली, हाताला कड काचायला लागली, तरी माझं चाललेलं... कारण बास म्हणायला समोर कोणी नव्हतं. आणि एकदम उजव्या कोपरात कळ आली. बाहेरच्या बाजूला, त्याच हाडापाशी.

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला काहीतरी दुखलं. मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो, कोपर पोटाशी धरून. बराच वेळ रडलो. मग गजाकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "बास," आणि चादर सोडवायला उठलो.